चढणीच्या माशाची खाडी

मंडळी, आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही कुणाचा मुलगा, कुणाची लेक आणि जावई नोकरीसाठी विलायतेला गेलेले असतात. घर थाटले, नातवंड झाले, की आईवडिलांना महिना-दोन महिन्यांसाठी बोलावणे येते. गेल्यावर मुले हौसेने राजवाडा दाखवतात, मोठे घड्याळ दाखवतात, थेम्स नदीवर बोटीत बसवतात. ते सगळे जरूर पाहा. पण ज्याचा जन्म पाणी, माती आणि पाऊस यांच्या सोबतीत गेला, त्याने एक संध्याकाळ आपल्यासाठी मागून घ्यावी. जुलै महिना असावा, अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ असावी. मुलाला सांगावे, "बाबा रे, आम्हाला एकदा सॉल्वेच्या खाडीवर ने. तिथे छातीभर पाण्यात उभे राहून मासे धरणारी माणसे आहेत म्हणे."

ही खाडी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या मध्ये, पश्चिम बाजूला आहे. एका काठावर इंग्लंड, दुसऱ्या काठावर स्कॉटलंड. इंग्लंडच्या बाजूच्या कार्लाइल शहरातून आगगाडीत बसायचे. गाडी सरहद्द ओलांडते तरी आपल्याला ते कळतसुद्धा नाही, आणि थोड्याच वेळात अ‍ॅनन नावाचे लहानसे गाव येते. लाल दगडाची घरे, गावातून वाहणारी अ‍ॅनन नदी आणि नदीच्या तोंडाशी पसरलेली खाडी. अ‍ॅनन, निथ, एस्क, ईडन अशा कितीतरी नद्या आपले पाणी या एकाच खाडीत आणून ओततात.

कोकणातल्या वाचकांना खाडी नवी नाही. वाशिष्ठीची, सावित्रीची, कुंडलिकेची खाडी त्यांनी पाहिली आहे. पण सॉल्वेची गोष्ट वेगळी. आपल्या कोकणात उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढते. इथे ते आठ मीटरच्या आसपास चढते, म्हणजे दोन मजली घराइतके. खाडीचा तळ सपाट, त्यामुळे ओहोटीला मैलच्या मैल वाळू उघडी पडते आणि भरती लागली की तीच वाळू बघता बघता नाहीशी होते. इथले पाणी घोड्याच्या दौडीपेक्षा वेगाने येते, असे तिथले लोक सांगतात. त्यात भर म्हणून जागोजागी पाय रुतणारी वाळू. तेव्हा एक गोष्ट आधीच गाठीला बांधा. वाळू उघडी दिसली म्हणून आपल्या मनाने चालत सुटायचे नाही. जाणता माणूस बरोबर असेल तरच, आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवूनच जायचे.

या खाडीवरून एकेकाळी आगगाडीसुद्धा जात असे. १८६९ साली इथे लोखंडी खांबांचा पावणेदोन किलोमीटर लांबीचा पूल बांधला होता. १८८१च्या कडक हिवाळ्यात खाडीतून वाहत आलेल्या बर्फाच्या लाद्यांनी त्याचे खांब मोडले. पूल दुरुस्त झाला, पुढे १९२१ साली गाड्या बंद पडल्या आणि १९३०नंतरच्या काही वर्षांत तो पाडून टाकला. मधल्या काळात स्कॉटलंडकडची मंडळी रविवारी या पुलावरून चालत इंग्लंडात जात, कारण त्या दिवशी इकडची दारूची दुकाने बंद आणि तिकडची उघडी! आज दोन्ही काठांवर पुलाचे भराव तेवढे उरले आहेत. माणसाने बांधलेला लोखंडी पूल गेला, पण त्याच्या कितीतरी शतके आधीपासून या पाण्यात चालत आलेली एक लाकडी चौकट अजून टिकून आहे. तीच आपल्याला पाहायची आहे.

त्याआधी माशाची ओळख करून घेऊ. या माशाचे नाव सॅमन. आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण रावस वेगळा आणि हा वेगळा. दोघांचे कूळही एक नाही. सॅमनची खरी ओळख मराठी माणसाला एका शब्दात पटते: हा चढणीचा मासा आहे.

मृगाचा पाऊस पडून ओढ्यांना लाल पाणी आले, की खालचे मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात, हे आपण सारे जाणतो. ओहोळातून, बांधावरून, थेट भाताच्या खाचरापर्यंत ते येतात. पोटात अंडी असतात, ती सुरक्षित जागी सोडायची असतात. सॅमनही हेच करतो, फक्त त्याचा प्रवास काही फर्लांगांचा नसून हजारो मैलांचा असतो.

त्याचा जन्म होतो डोंगराजवळच्या थंड, स्वच्छ ओढ्यात. मादी हिवाळ्याच्या तोंडाला शेपटीने वाळूगोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटून झाकून टाकते. जणू टोकण करून बी मातीआड करावे तसे. वजनाच्या दर किलोमागे हजार-दीड हजार अंडी. वसंतात पिल्ले बाहेर पडतात, दोन-तीन वर्षे त्याच नदीत वाढतात, आणि मग एका वसंतात अंगावर रुपेरी झळाळी चढवून समुद्राकडे निघतात. कुणी नॉर्वेकडच्या समुद्रात, तर कुणी ग्रीनलंडच्या किनाऱ्यापर्यंत जाते. तिथे एक-दोन वर्षे खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाल्यावर त्यांना घराची ओढ लागते. मग एवढ्या अफाट समुद्रातून वाट काढीत प्रत्येक मासा बहुतेक आपल्या जन्माच्याच नदीला परत येतो. जवळ आल्यावर तो नदी ओळखतो ती पाण्याच्या वासावरून. पहिल्या पावसानंतर आपल्या गावच्या मातीचा वास आपल्याला कळतो ना, तसेच. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो जवळजवळ काही खात नाही. अंगात साठवलेल्या बळावर धबधबे उड्या मारून चढतो, वर जाऊन अंडी घालतो आणि बहुतेक वेळा थकून तिथेच मरतो. थोडेच मासे समुद्राकडे परत जातात.

समुद्र आणि नदी यांच्या मधला उंबरठा म्हणजे ही खाडी. या उंबरठ्यावर माणूस जाळे घेऊन उभा राहिला नसता तरच नवल.

इथल्या जाळ्याला 'हाफ' म्हणतात. इंग्रजीतल्या अर्ध्याशी त्याचा संबंध नाही. हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतला. हजारएक वर्षांपूर्वी व्हायकिंग लोक गलबते घेऊन या किनाऱ्यांवर आले, वसले, आणि त्यांनीच ही रीत आणली असे मानतात. हत्यार अगदी साधे. सोळा-अठरा फूट लांबीचा एक आडवा दांडा, त्याला तीन उभे पाय आणि त्या चौकटीला लावलेले सैल जाळे. पाच-साडेपाच फूट उंचीचे मोठे फुटबॉलचे गोल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. चौकट प्रवाहात उभी धरली, की पाण्याच्या जोराने जाळे मागे फुगते आणि मधल्या पायाच्या दोन्ही बाजूंना दोन खोळी तयार होतात. यंत्र नाही, होडी नाही, गळ नाही, आमिष नाही. एक माणूस आणि एक चौकट.

अ‍ॅननच्या लोकांचा इथे मासे धरण्याचा हक्क स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याने १५३८ साली दिलेल्या सनदेपर्यंत मागे नेता येतो. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून नव्वद-ब्याण्णव वर्षे होती. एवढी जुनी सनद, आणि तिच्या जोरावर पाण्यात उतरणारी माणसे आजही त्याच गावात राहतात.

चला तर मग, आता संध्याकाळ झाली आहे. संध्याकाळ म्हणजे आपली नव्हे. उत्तरेकडच्या या मुलखात जुलैमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी पाणी उतरत असते. काठावरच्या आखूड गवतावर मेंढ्या चरत आहेत. पश्चिमेला क्रिफेल नावाचा डोंगर दिसतो, पलीकडे इंग्लंडच्या डोंगरांची निळी रांग. वारा गार आहे, अंगावर शाल असू द्या.

एकेक करून मंडळी येऊ लागतात. यात कुणी कारखान्यातून निवृत्त झालेला, कुणी गवंडीकाम करणारा, कुणी गुरे पाळणारा. अंगात छातीपर्यंत येणारी रबरी विजार, खांद्यावर ती लांबलचक चौकट. शेतावर औत खांद्याला मारून निघालेल्या माणसाची चाल आठवते. थट्टामस्करी चालते. एकाच्या जाळ्याला गाठी जास्त, दुसऱ्याचा चहा कडू. आपण कोण, कुठले, अशी विचारपूस होते. शेतकरी आहोत म्हटल्यावर चेहरे खुलतात. "पाऊस कसा आहे तुमच्याकडे?" हा प्रश्न तिथेही पहिला!

मग त्यातला एक म्हातारा हात करतो. "या पाहुणे, माझ्या मागून या. तिकडून नको. काल तिथे वाळू घट्ट होती, आज पाय जाईल."

पाण्याच्या कडेला आल्यावर पाण्यात शिरण्याआधी कुणी कुठे उभे राहायचे याच्या चिठ्ठ्या पडतात. कारण सगळ्या जागा सारख्या नसतात. काठापासून खोल पाण्यापर्यंत सगळे एका रांगेत, चौकटीला चौकट लावून उभे राहतात. खोल पाण्यातल्याला मासा मिळण्याचा संभव जास्त, काठाजवळच्याला कमी. आता गंमत पाहा. ओहोटीने पाणी उतरत जाते आणि थोड्या वेळाने काठाजवळच्या माणसाच्या घोट्याइतकेच पाणी उरते. तो चौकट उचलतो, रांगेच्या मागून चालत जातो आणि खोल टोकाला जाऊन उभा राहतो. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. भरती लागली की हाच फेरा उलटा. खोल टोकाच्या माणसाच्या गळ्याशी पाणी येते, तो निघून काठाकडे येतो. म्हणजे पाणीच सगळ्यांना आळीपाळीने चांगली जागा देते आणि आळीपाळीने काढूनही घेते. कुणाची मक्तेदारी नाही, कुणाची कायमची उपेक्षा नाही. पाटाच्या पाण्याची बारी ज्यांनी रात्री-बेरात्री सांभाळली आहे, पाटाच्या शेवटी ज्यांचे शेत आहे, त्यांना या रांगेचे मोल समजावून सांगायला नको.

आता बोलणे थांबते. चौकटीमागे उभ्या असलेल्या प्रत्येकाने जाळ्याचे दोरे बोटांत धरून ठेवले आहेत. खाडीचे पाणी गढूळ, मासा डोळ्यांना दिसत नाही. तो बोटांना कळतो. गाईच्या पोटावर हात ठेवून वासराची हालचाल ओळखावी, तसे हे काम. पाऊण तास जातो. एक तास जातो. कुणी हलत नाही.

आणि एकदम आपल्या म्हाताऱ्याचे खांदे ताठ होतात. तो चौकटीचे पाय वर उचलतो, चौकट पाण्यावर आडवी तरंगते आणि खोळीत काहीतरी प्रचंड फडफडू लागते. पाणी उडते. शेजारचा मदतीला सरकतो. जाळ्यातून दिसते ती रुपेरी पाठ, तिच्यावर मोजके काळे ठिपके. तीनएक किलोचा सॅमन. ग्रीनलंडकडून आलेला असो की नॉर्वेकडून, पण घराच्या दारात पोचलेला.

पूर्वी या क्षणी लाकडी सोटा बाहेर निघायचा. माशाच्या डोक्यावर एकच घाव, आणि रात्रीपर्यंत तो कुणाच्या तरी चुलीवर नाहीतर बाजारात. आता तसे होत नाही. म्हातारा दोन्ही हातांनी मासा जाळ्यातून सोडवतो, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच धरून ठेवतो. मासा कल्ले हलवतो, एकदा, दोनदा. मग शेपटीचा फटकारा, आणि पाणी पुन्हा जसेच्या तसे.

"गेला घरी," म्हातारा म्हणतो, आणि चौकट पुन्हा उभी करतो.

मंडळी, इथे आपल्याला प्रश्न पडतोच. एवढा वेळ गार पाण्यात उभे राहायचे, मिळालेला मासा सोडून द्यायचा, मग हा उपद्व्याप कशासाठी?

सोडून देण्याचे कारण आधी पाहू. सॅमन कमी झाला आहे, आणि फार कमी झाला आहे. १९७०च्या सुमारास नदीतून समुद्रात गेलेल्या शंभर पिल्लांतली वीसएक मोठी होऊन परत येत. आता पाचाच्या आसपास येतात, काही नद्यांत तितकीही नाहीत. समुद्र तापतो आहे, त्यामुळे त्यांचे खाद्य हलते आहे. नद्यांवर बंधारे आहेत, शेतातली खते आणि गोठ्यातले शेण नदीत उतरते, काठची झाडे तोडल्याने ओढ्यांचे पाणी उन्हाळ्यात तापते. समुद्रात पिंजरे घालून पाळलेल्या सॅमनच्या अंगावरच्या उवा जंगली पिल्लांना लागतात. बाजारात मिळणारा सॅमन आता जवळजवळ सगळा असा पाळीवच असतो. २०१६च्या नियमांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात जाळ्यात आलेला सॅमन ठेवून घ्यायला बंदी झाली. २०२३ साली स्कॉटलंडच्या नद्यांत गळाला लागलेल्या सॅमनचा आकडा १९५२पासूनच्या नोंदींत सर्वात खाली गेला, आणि त्यातलेही बहुतेक मासे सोडून दिलेले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निसर्गरक्षणाचे काम पाहणाऱ्या जागतिक संघटनेने ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातला.

अशी बंदी आली, की हातावर पोट असणाऱ्याला वाईट वाटणारच. मूठभर माणसे लाकडी चौकटीने असे किती मासे धरणार, समुद्र तापवला तो आम्ही का, असे त्यांनी विचारले तर त्यात खोटे काय? सनद त्यांच्याजवळ आहे, हक्क पिढ्यान् पिढ्यांचा आहे. तरीही ते मासा सोडतात. आणि तरीही पाण्यात उतरतात.

म्हाताऱ्याला विचारा. तो हाताने खाडी दाखवील. "ही वाळू दर उधाणाला बदलते. दोन वर्षे आलो नाही, तर मलाच वाट सापडणार नाही. मग पुढच्या पोराला शिकवणार कोण? मासा परत येईल तेव्हा माणूस नको का इथे?"

हे उत्तर शेतकऱ्याच्या कानाला ओळखीचे वाटते. दुष्काळात घरात दाणा नसला, तरी आपल्या आज्या-पणज्या कणगीतल्या बियाण्याला हात लावू देत नसत. भूक असायची, पोरे रडायची, पण बी मोडून खायचे नाही, हा दंडक. बियाणे राखायचे आणि पेरणीचा हातही राखायचा, कारण बी असून पेरणारा नसेल तर काय उपयोग? सॉल्वेच्या खाडीत ही माणसे दोन्ही राखत आहेत. मासा नदीला परत देतात आणि विद्या आपल्या हातात ठेवतात.

आपल्याकडेही ही समज नव्हती असे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथे देवीचे मासे म्हणून डोहातल्या महाशीर माशांना कुणी हात लावत नाही. लोक त्यांना चुरमुरे टाकतात. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात, शंकराच्या देवळाखाली हेच. पावसाळ्यात समुद्रावरची मासेमारी थांबते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याची परवानगी घेतली जाते. देवाच्या नावाने का होईना, बियाणे राखायची ही रीतच होती.

पण चढणीच्या माशांचे काय? मृगाच्या पहिल्या पुराला कंदील, बॅटरी, कोयते, काठ्या घेऊन गाव ओढ्यावर लोटते. मजा असते, रात्रभर जागरण असते, सकाळी घराघरांतून कालवणाचा वास सुटतो. पोट फाडल्यावर आत अंड्यांची गच्च गाभोळी निघते आणि ती आपण चवीने खातो. वर्षभराने म्हणतो, हल्ली ओढ्याला मासे राहिले नाहीत. औषधफवारणी आली, बंधारे आले, ही कारणे खरीच आहेत. पण गाभोळीने भरलेला मासा पहिल्याच रात्री मारणारे हात आपलेच होते, हेही खरे. चढणीचे मासे अजिबात खाऊ नयेत असे कुणी म्हणणार नाही. पहिल्या पुराचे दोन दिवस वाट मोकळी सोडली, एखादा ओहोळ गावाने राखून ठेवला, बांधावरून वर चढायला माशांना फट ठेवली, तरी पुष्कळ झाले. हे ठरवायला सरकारी हुकूम लागत नाही. पाराखाली बसलेली चार माणसे पुरेत.

असो. इकडे सॉल्वेवर उतरत्या पाण्याचा आवाज थांबला आहे. ओहोटी सरली. क्षणभर खाडी निश्चल होते. मग दूरवरून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि वाळूवरून पाण्याची पांढरी रेघ सरकताना दिसते. म्हातारा हाक मारतो, "चला पाहुणे, आता थांबायचे नाही." सगळे चौकटी खांद्यावर घेतात. कुणाच्याही पिशवीत मासा नाही. गवताच्या काठावर पोचल्यावर थर्मासमधला तो कडू चहा सगळ्यांना वाटला जातो, आपल्यालाही मिळतो. नकार देऊ नका. मागे वळून पाहा, आपण उभे होतो ती वाळू पाण्याखाली गेलेली असेल, आणि त्याच पाण्यातून कुठेतरी तो मासा अ‍ॅनन नदीच्या तोंडात शिरत असेल.